तैवानची सुरी, अ‍ॅशबर्नचं म्यान

खांडेनवमीच्या पूजेआधी शस्त्रांना क्लिंग फिल्म गुंडाळावी, असं कुठल्याही पोथीत सांगितलेलं नाही. पण नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलच्या टिपणिसांकडे ही रीत आता चांगलीच रुळली होती. आदल्या संध्याकाळी दिगंबरराव स्वयंपाकघराच्या खणातून प्लास्टिकची गुंडाळी काढायचे, डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरायचे आणि एकेका सुरीला नेसवायला बसायचे. एवढ्या निगुतीनं त्यांनी स्वतःच्या मुलीला तान्हेपणी दुपट्यात कधी गुंडाळलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, मालिनीला हे पक्कं आठवत होतं, कारण ते काम तिनंच केलं होतं.

ही रीत एका चुकीतून सुरू झाली. दिगंबररावांच्या सुऱ्या तैवानच्या, हातानं ठोकून घडवलेल्या, आणि त्यांचं पोलाद स्टेनलेस नव्हे. ओलं बोट लागलं तरी डाग उठतो. पहिल्या वर्षी त्यांनी ठाण्याच्या घरासारखी साग्रसंगीत पूजा केली. ओली हळद, ओलं कुंकू, अक्षता, झेंडू. एकदा पूजा झाली की उत्तरपूजेपर्यंत शस्त्राला हात लावायचा नाही, हा नियमही पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पात्यांना तपकिरी मिशा फुटल्या होत्या. दसऱ्याचं जेवण सोडून दिगंबरराव पॉलिश पेपर घेऊन गराजमध्ये बसले, आणि पुढच्या वर्षीपासून प्लास्टिक आलं. हळदकुंकू देवाला पोचतं, प्लास्टिकला आरपार जाणं त्याला जड नाही, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाशी कोण वाद घालणार.

एका सुरीला मात्र ते प्लास्टिक नेसवत नसत. ती सगळ्यात लांब, मधे ठेवायची. मालिनीनं एका वर्षी विचारलं होतं, तेव्हा ते "राहू दे" म्हणाले होते. त्या सुरीचा विषय निघाला की त्या घरात "राहू दे"च म्हणत.

सुऱ्यांचं वेड कुठून आलं, हे सांगायचं तर ठाण्याला जावं लागेल. टिपणिसांच्या घरात पूर्वी तलवार होती, असं दिगंबररावांचे वडील भाऊसाहेब सांगत. ती कुणी पाहिली नव्हती. भाऊसाहेबांनीही नव्हती. खांडेनवमीला पाटावर मांडायला भाऊसाहेबांचं फाउंटन पेन, एक पाना आणि आईची विळी. विळी पूजेत गेली की आई हातावर हात ठेवून बसायची आणि म्हणायची, "एक शस्त्र आणा रे कुणी घरात, म्हणजे मला भाजी चिरता येईल." दोन्ही मुलांनी हे दरवर्षी ऐकलं. मोठा दिगंबर, धाकटा संजीव. दोघंही शिकून अमेरिकेला आले, दोघांच्याही डोक्यातून ते गेलं नाही.

पुढे दिगंबररावांच्या कंपनीनं त्यांना तैवानला, शिन्चूला पाठवायला सुरुवात केली. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम. बरोबरचे लोक येताना चहा आणायचे, अननसाचे केक आणायचे. दिगंबररावांनी म्हशीच्या शिंगाची मूठ असलेली शिलिनची घडीची सुरी आणली. मग किन्मेन बेटावरचा एक खाटकाचा सुरा आणला. चीननं त्या बेटावर वर्षानुवर्षं तोफगोळे टाकले आणि तिथल्या लोहारांनी त्या गोळ्यांच्या लोखंडाच्या सुऱ्या करून विकल्या, ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे त्याच सुऱ्यानं कापलेल्या कोंबडीकडे जरा निराळ्या नजरेनं बघत. मग कंपनीचं काम निमित्ताला उरलं. सुट्टी काढून डोंगरातल्या गावांत जायचं, फोनमधल्या अनुवादाच्या अ‍ॅपवरून लोहाराशी बोलायचं, लोहार नाही म्हणाला की पुढच्या वर्षी परत जायचं. मालिनी त्यांना सुऱ्या म्हणे, ते शस्त्रं म्हणत. आदल्या संध्याकाळी आवाज चढे तो एवढ्याच मुद्द्यावर.

लांब सुरी डोंगरातल्या अतायल आदिवासींच्या गावची, वाटान नावाच्या म्हाताऱ्या लोहाराची. ती मिळवायला दोघं भाऊ मिळून गेले होते. संजीव तेव्हाही व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये होता, त्यालाही धातूचं वेड, फक्त तो थोरल्यासारखा बोलत नसे. तिचं म्यान पाहून दोघंही खुळावले. एका बाजूला अखंड लाकूड, दुसरी बाजू सताड उघडी, आणि पातं बाहेर पडू नये म्हणून आडव्या लोखंडी तारा. डोंगरात सारखा पाऊस. बंद म्यानात पाणी साचतं, उघड्यातून निथळून जातं, असं वाटाननं हातवारे करून सांगितलं होतं.

सुरी मिळाल्यावर संजीव मुंबईमार्गे परत निघाला, कारण आईची तब्येत बरी नव्हती. त्याच्याकडे फक्त केबिन बॅग होती, त्यात पातं नेता येत नाही. दिगंबरराव म्हणाले, म्यान तरी घेऊन जा, आईला दाखव, शस्त्र मी मागून आणतो. मग ते लगेच निघाले नाहीत. पलीकडच्या खोऱ्यात अजून एक लोहार आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या खोऱ्यात फोन लागत नसे. ते बाहेर आले तेव्हा आई जाऊन अग्नीही देऊन झाला होता. संजीवनं दिला होता.

या गोष्टीला सात वर्षं झाली. भांडण झालं ते ठाण्याला, तेराव्याच्या दिवशी, आणि तेही एका वाक्याचं. "तू एका सुरीपायी आईला सोडलंस," असं संजीव म्हणाला. तेव्हापासून पातं नॉर्थ कॅरोलिनात, म्यान व्हर्जिनियात, मधे चार तासांचा सरळ रस्ता, आणि त्या रस्त्यानं कुणी आलं-गेलं नाही. जावाजावा फोनवर बोलत, आणि नवरे आपापल्या खोल्यांत बसून कान देत.

आणि मग सप्टेंबरात संजीवचा फोन आला. दिगंबररावांना नाही, मालिनीला. अ‍ॅशबर्नचं घर विकलं, आम्ही कायमचे ठाण्याला चाललो, नोव्हेंबरात निघू. खांडेनवमीला येऊन जातो. मग जरा थांबून तो म्हणाला, "सामान काढताना दादाचं म्यान सापडलं, वहिनी. तेही परत करतो."

मालिनीनं फोन खाली ठेवला. परत करतो, म्हणाला होता. माणसं रुसलेली असतात तोवर वस्तू अडवून ठेवतात, हे तिनं दोन्हीकडच्या घरांत बघितलं होतं. वस्तू परत केली की पुढे फोन करायलाही कारण उरत नाही. म्यान टेबलावर ठेवून, मटण जेवून हा माणूस निघाला, तर तो या घरातून कायमचाच जाणार. तिला साठी उलटल्यावर दुसरं काही नको होतं, दोघांनी एकदा बोलावं एवढं हवं होतं. ते तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. नवरा म्हणाला, म्यान येतंय हे चांगलंच आहे.

मग तिनं कुमक मागवली. मुलगी वीणा जर्सी सिटीहून आली. वीणा इथंच जन्मलेली, बँकेत रिस्कचं काम करते, आणि या प्रकरणात ती पहिल्यापासून काकाच्या बाजूची. लहानपणी दोन उन्हाळे तिनं आजीजवळ ठाण्याला काढले होते. घरात शिरल्या शिरल्या तिनं बापाला क्लिंग फिल्मच्या पसाऱ्यात गाठलं.

"बाबा, जस्ट से सॉरी. इट्स वन वर्ड."

"सॉरी पार्किंगमध्ये धक्का लागला तर म्हणतात," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी प्लास्टिक दातानं तोडलं.

वीणानं आईकडे बघितलं. आईनं मटणाकडे बघितलं. टिपणिसांकडे नवमीला मटण लागतंच, आणि ते शिजायला टाकलं की मालिनीला कुठल्याही संभाषणातून उठून जाता येत असे.

शनिवारी अकराच्या सुमाराला संजीव आणि त्याची बायको इला आले. खरी नवमी आठवड्याच्या मधेच होऊन गेली होती, पण अमेरिकेत देव शनिवारपर्यंत थांबतात. संजीवचे केस सगळे पांढरे झाले होते. इलानं फोनवर हे कधी सांगितलं नव्हतं. त्यानं वहिनीला वाकून नमस्कार केला, दादाकडे बघून मान हलवली आणि बबल रॅपमध्ये गुंडाळलेली लांबोळकी वस्तू दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर ठेवली. शेजाऱ्यांचा घासलेला डबा परत द्यावा तशी.

"ठेव तिथे," दिगंबरराव म्हणाले. ती आधीच ठेवलेली होती.

त्यानंतर दोघं भाऊ रस्त्याबद्दल बोलले. रिचमंडला ट्रॅफिक होतं का. होतं. पंच्याण्णववरून आलास की मधून. पंच्याण्णववरून, मग पंच्याऐंशी. पीटर्सबर्गला काम चालू आहे का अजून. चालू आहे. सात वर्षांत साठलेलं सगळं बोलणं महामार्गांच्या नंबरांवर निघालं, आणि ते संपल्यावर दोघं शेजारच्या घरातला पालापाचोळा उडवायचा लीफ ब्लोअर ऐकू लागले.

आत इलानं कांदा चिरायला घेतला आणि आवाज न चढवता बातम्या दिल्या. "सापडलं कसलं, ताई. बेडरूममध्ये बेडसमोर टांगलेलं होतं. रोज सकाळी उठून मी तेच बघत होते. हे स्वतः पुसायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. आणि आता म्हणे सापडलं."

"मग परत का करतायत?"

"मी विचारलं. तर म्हणाले, ज्याचं त्याला दिलेलं बरं." इलानं सुरी खाली ठेवली. "मला हे लक्षण काही बरं दिसत नाही."

म्हणजे तिलाही तेच वाटत होतं. मालिनीला थोडा धीर आला, आणि भीती जास्त वाटली. एवढा वेळ तिला वाटत होतं की आपण उगाच मनाला लावून घेतोय.

वीणा मधेच आत आली आणि तिनं जाहीर केलं की दोघंही इम्पॉसिबल आहेत. तिनं काकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काका, यू वेअर राइट, ही शुड हॅव कम. त्यावर काकाला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला होता. तुझ्या बाबाबद्दल असं बोलायचं नाही, म्हणाला. "सात वर्षं मी याची साइड घेतेय," वीणा म्हणाली, "अँड ही इज ऑन बाबाज साइड." ती फ्रिज उघडून उभी राहिली आणि काही न घेता तिनं तो बंद केला.

पूजा बाराला मांडली. चादरीवर सगळी शस्त्रं ओळीनं. किन्मेनचा सुरा, शिलिनची घडीची सुरी, बांबूचे कोंब काढायचा आकडा, मासे साफ करायची बुटकी सुरी. सगळी प्लास्टिकमध्ये चकचकत होती. मधे लांब सुरी, उघडी. टेबलाच्या टोकाला कोहळा. तो शेजारच्या कॅरी गावातल्या एशियन दुकानातून आणला होता, तिथे उशीएवढाच मिळतो, लहान मिळत नाही. नवमीला घरातल्या कर्त्या पुरुषानं एका घावात कोहळा कापायचा, हा ठाण्यापासूनचा रिवाज. ठाण्याला तो विळीवर कापावा लागे, आणि त्यामुळे भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर कर्तेपण फारसं दिसत नसे.

दिगंबररावांनी पितळी वाटीत हळद कालवली. प्लास्टिकवरून भराभर बोटं ओढत गेले, कुंकू, अक्षता, पुढची. संजीव हाताची घडी घालून बघत होता. क्लिंग फिल्म त्यानं पहिल्यांदाच पाहिली होती, आणि त्याच्या बघण्यावरून मालिनीला कळलं की मनातून त्याला ती युक्ती पटली आहे. शेवटी दिगंबरराव लांब सुरीपाशी आले. त्यांनी हळदीत बोट बुडवलं, पात्यावर टोकाजवळ एक बोट लावलं. मग पुन्हा बुडवलं आणि त्याच्या शेजारी दुसरं लावलं. त्यावर ओलं कुंकू, एक, आणि दुसरं.

"दादा, ओलं आहे ते," संजीव म्हणाला. सात वर्षांत त्यानं दादा म्हणून मारलेली ही पहिली हाक होती, आणि ती तोंडातून निसटली होती. चांगल्या पोलादावर कुणी पाणी टाकलं तर तो अनोळखी माणसालाही थांबवेल.

"माहीत आहे."

"गंज चढेल."

"माहीत आहे ना."

संजीव वाकला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पात्याला लागेल इतका जवळ गेला. मालिनीही वाकली. ओल्या हळदीच्या कडेनं काळपट काहीतरी दिसत होतं. दोन खळगे, शेजारी शेजारी, बोटाच्या पेराएवढे, गंजानं खाऊन खोल गेलेले. एका वर्षाचं ते काम नव्हतं. दरवर्षी त्याच जागी ओलं बोट टेकवून, दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवून ते झालं होतं. बाकीचं पातं तेल देऊन आरशासारखं ठेवलेलं.

"बाकी सगळ्यांना प्लास्टिक आहे," संजीव हळूहळू म्हणाला. "हिलाच का नाही?"

दिगंबरराव हळदीचं बोट धोतराला पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"एक बोट माझं," ते म्हणाले. "एक तुझं. आई दोघांकडून लावून घ्यायची. तू नव्हतास इथे, म्हणून तुझं मी लावतो."

"अरे पण प्लास्टिकवरून लावायचं."

"प्लास्टिकवरून लावलं तर तुझं कुंकू हिला लागणार कसं?"

वीणाला एवढं मराठी कळलं, आणि तिनं खुर्चीची पाठ धरली. मालिनीला वाटलं, आपण या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिलो, दरवर्षी ही दोन बोटं बघितली, आणि एक देवीचं असेल असं समजून मटणाकडे निघून गेलो. तिला त्याचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही तिनं तसंच राहू दिलं.

संजीव खुर्चीवर बसला. "मी तिला म्यान दाखवलं होतं," तो म्हणाला. "शुद्धीत होती ती. त्या उघड्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाली, अर्धंच दिलं रे, फसवलं तुम्हाला." त्याला हसू आलं, पण ते तिथेच राहिलं. "मग विचारलं, आणि शस्त्र कुठाय? मी म्हटलं, दादा आणतोय. दोन दिवस दाराकडे बघत होती. तू आला नाहीस त्याचं मला एवढं नाही, दादा. सिग्नल नसेल, तिकीट नसेल, काहीही असेल. पण मी तिला सांगितलं होतं, दादा आणतोय. मी खोटा पडलो."

दिगंबरराव उभेच होते. मालिनीनं मनातल्या मनात त्यांना ढकललं. आता ते पार्किंगबद्दल काही बोलले असते, तर तिनं कोहळ्याच्या आधी दुसरं काहीतरी कापलं असतं.

"त्या दुसऱ्या गावात सुरी नव्हतीच," ते म्हणाले. "लोहार आधीच वारला होता. त्याच्या बायकोनं चहा दिला. एवढं झालं तिथे. हे मी कुणाला सांगितलं नाही." मग त्यांनी घसा खाकरला. "मी यायला हवं होतं, संजू. शस्त्र हातात होतं. तेव्हाच निघायला हवं होतं. माझं चुकलं."

संजू ही हाक आई गेल्यापासून कुणी मारली नव्हती. संजीवनं चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला, पुन्हा काढला, शर्टाला पुसला. इला दारात पळी घेऊन उभी होती. मटण लागतंय, असं ती सांगायला आली होती, ते तिनं सांगितलं नाही.

"काप," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी सुरी उचलून मूठ त्याच्याकडे केली.

"मोठ्यानं कापायचा असतो."

"अग्नी कुणी दिला?"

संजीवनं सुरी घेतली. एका घावात काही तो कोहळा कापला गेला नाही. उशीएवढा होता, आणि घाव घालणारा डेटा सेंटरमध्ये खुर्चीत बसून साठीला आला होता. पातं अर्ध्यात अडकलं. मग दिगंबररावांनी त्याच्या हातावर हात ठेवून जोर लावला आणि कोहळा टेबलावर दोन बाजूंना पडला. बिया मालिनीच्या साडीवर उडाल्या. शास्त्रापुरतं झालं, असं दोघांनी मानून घेतलं.

जेवताना वाढा, घ्या, अजून एक, एवढं होत राहिलं, आणि दिगंबररावांनी संजीवच्या ताटात विचारल्याशिवाय नळी टाकली. संजीवनं ती चोखून खाल्ली. मालिनी ताटावरून उठून एकदा आत गेली, सिंकचा नळ सोडून उभी राहिली आणि तोंड धुऊन परत आली.

जेवण झाल्यावर संजीव चपलांच्या रॅककडे गेला आणि त्यानं बबल रॅप सोडला. म्यान अजून सुंदर होतं. लाकूड गडद झालं होतं, आडव्या तारा पुसून लख्ख. दिगंबररावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. उत्तरपूजा व्हायची होती, शस्त्राला हात लावायचा नव्हता, पण कोहळ्यापासून नियम तसेही सैल झाले होते. त्यांनी पात्याची धार पुसली, कुंकवाची जागा तेवढी सोडली, आणि पातं तारांखालून सरकवलं.

ते अर्धं गेलं आणि थांबलं.

दिगंबररावांनी जोर लावला. मग संजीवनं लावला. मग दोघांनी मिळून बाहेर ओढायचा प्रयत्न केला, तर तेही होईना. सात वर्षं अ‍ॅशबर्नच्या एअर कंडिशनिंगमध्ये लाकूड वाळून आवळलं होतं, असं संजीवचं निदान. पात्याच्या खळग्यांवरच्या गंजानं ते धरून ठेवलं असावं, असं दिगंबररावांचं. दोन इंजिनिअर एका सुरीवर वाकून तासभर चर्चा करत होते, आणि त्यात त्यांना इतका आनंद होत होता की वीणानं फोनवर व्हिडिओ शोधून दाखवला तो कुणी बघितलाही नाही. तेल, हेअर ड्रायर, कुकरची वाफ, सगळे पर्याय मांडून झाले. हातोडीचं नाव वीणानं काढलं, तेव्हा दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे वळून बघितलं.

"राहू दे," संजीव शेवटी म्हणाला. "इथे नाही होणार. दमट हवा लागते याला. लाकूड फुगलं की आपोआप सैल होईल."

"घेऊन जा मग," दिगंबरराव म्हणाले. "ठाण्याला दमटच आहे. तिकडेच ठेव, देवापुढे."

मालिनीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. म्हणजे शेवटी द्यायचंच, आणि तेही दोन्ही. आता याला फोन करायला खरोखर कुठलंच कारण उरणार नाही.

"मी नाही नेणार," संजीव म्हणाला. "मी म्यान दाखवलं तिला. माझं काम झालं. शस्त्र तू आणायचं होतंस. तू आण."

दिगंबररावांनी सुरीकडे बघितलं, अर्धी आत, अर्धी बाहेर. "कधी?"

"माघात तिची तिथी असते. दरवर्षी असते."

"येतो."

अमुक झालं तर, असं ते काही म्हणाले नाहीत. वाटेत तैवानवरून जाता येईल का, असंही विचारलं नाही. मालिनी ऐकत उभी होती, आणि ही दोन्ही वाक्यं न आल्याचं तिनं बारकाईनं ध्यानात घेतलं. वीणानं तिथल्या तिथे फोनवर तिकिटं काढली, बाप पुढे काही बोलायच्या आत. रिस्कचं काम करते ती.

संजीव आणि इला रविवारी सकाळी निघाले. दारात संजीवनं वहिनीला नमस्कार केला, मग दादाला केला. दादानं त्याला पीटर्सबर्गला कुठून वळायचं ते सांगितलं. गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी झाल्यावरही दिगंबरराव चपला न घालता ड्राइव्हवेमध्ये उभे होते. मालिनीनं त्यांना आत बोलावलं नाही.

मग उत्तरपूजा झाली. एकेका सुरीचं प्लास्टिक निघालं, तेल लागलं, सुऱ्या आपापल्या खणात गेल्या. अडकलेली तेवढी टेबलावर राहिली. दिगंबरराव गराजमध्ये गेले आणि मोठी बॅग घेऊन आले, चेक-इनची. त्यांनी ती हॉलमध्ये, दाराशेजारी उघडली, तळाला जुना टॉवेल अंथरला आणि सुरी म्यानासकट त्यात आडवी ठेवली. दुसरं काहीही ठेवलं नाही. बॅग बंद करून तिला कुलूप लावलं.

"तिकीट फेब्रुवारीचं आहे," मालिनी म्हणाली.

"माहीत आहे."

त्यानंतर दिवाळी गेली, थँक्सगिव्हिंग गेलं, ख्रिसमसला वीणा येऊन बॅगेला अडखळून गेली. बॅग दाराशीच होती. मालिनी व्हॅक्यूम करताना तिला वळसा घालत असे. हलवली मात्र तिनं कधी नाही.